यूएन, रेडक्रॉस, वर्ल्ड बँक माल कुणाकडून घेतात आणि सोलापूरच्या कारखानदारानं त्यात कसं शिरायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलवाल्याकडं बसा, यूएनच्या टेंडरचा विषय निघाला की पुढचं वाक्य ठरलेलं असतंय, "ते सगळं सेटिंग असतंय ओ, आपल्याला कोण विचारतंय." मी एक्स्पोर्टच्या कागदपत्रांचंच काम करतो, त्यामुळं हे सारखं ऐकतो आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण या संस्था पुरवठादार कसा निवडतात हे सगळं लिहून ठेवलेलं आहे, फुकट वाचायला मिळतं, आणि आपल्यातले दहा टक्के लोकसुद्धा ते उघडून बघत नाहीत. २०२१ मध्ये यूएनच्या सगळ्या संस्थांनी मिळून जवळपास ३० अब्ज डॉलरची खरेदी केली. भारत त्यांच्या मोठ्या पुरवठादार देशांत कायम असतो. त्यात लसी आणि औषधांचा वाटा मोठा आहे हे खरं, पण कापडही घेतात, आणि कापड म्हटलं की आपण मागं का राहायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्या बाजारात व्यापारी ओळखीवर माल घेतो, एकदा विश्वास बसला की तीन पिढ्या चालतं. मोठ्या संस्थेत असं नसतं. तिथं तुमची फाईल ज्याच्या टेबलावर जाते तो तुम्हाला ओळखत नाही आणि ओळखायचंही नसतं त्याला. तो आधी तुम्हाला बाद करायचं कारण शोधतो, म्हणजे पोलीस भरतीत कसं आधी उंची आणि छाती मोजतात, तिथं बसला नाहीत तर धावायला मैदानावरच सोडत नाहीत, अगदी तसं. तुमचा टॉवेल किती मऊ आहे हे फार पुढं येतं. त्यामुळं या सगळ्या खटाटोपात तुमचं मुख्य काम एकच आहे, बाद करायला कारण ठेवायचं नाही.

आता कोण काय घेतं ते बघू. यूएन म्हणजे एक ऑफिस नाही. युनिसेफचा खरेदी विभाग डेन्मार्कला कोपनहेगनमध्ये आहे, वर्ल्ड फूड प्रोग्रॅम रोममधून चालतो, निर्वासितांचं काम बघणारी यूएनएचसीआर वेगळी, आणि न्यूयॉर्कच्या मुख्यालयाची खरेदी आणखी वेगळी. रेडक्रॉस यूएनमध्ये येतच नाही, त्यांचं स्वतंत्र आहे. वर्ल्ड बँकेचं तर फारच लोक चुकीचं धरतात. प्रकल्पाचा माल बँक स्वतः विकत घेत नाही, ती सरकारला कर्ज देते आणि खरेदी ते सरकार करतं, फक्त नियम बँकेचे. म्हणून बँकेच्या पैशातला प्रकल्प महाराष्ट्रात असला तर टेंडर राज्याच्या त्या खात्याकडून निघणार, वॉशिंग्टनला मेल पाठवून काही होत नाही.

तुमचा माल त्यांना लागतो का हे बघितल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. आपली चादर जीआय (भौगोलिक मानांकन) वाली आहे, नाव आहे, पण रेडक्रॉसला पूरग्रस्तांसाठी जे ब्लँकेट लागतं ते वेगळंच प्रकरण आहे, दीड मीटर बाय दोन मीटर, आणि ते ऊब किती धरतं हे टॉग नावाच्या युनिटमध्ये लॅबमधून मोजून मागतात. आपली कॉटनची जॅकार्ड चादर त्या मापात बसत नाही. ते काम पानिपतवाल्यांनी धरलंय, रिसायकल सुतातून बनवतात, त्यांच्याशी भावात भांडायला जाऊ नका. पण मदतीच्या हायजीन किटमध्ये टॉवेल असतो, दवाखान्यांना बेडशीट लागतात, आणि इथं आपण घरच्या मैदानावर आहोत. रेडक्रॉसचा आयटम्स कॅटलॉग नेटवर खुला आहे, त्यात प्रत्येक वस्तूचं पान आहे, साईज, वजन, कापडाचा प्रकार, रंग किती पक्का पाहिजे, कुठल्या आयएसओ टेस्टनं तपासणार, पॅकिंग कसं. ते पान प्रिंट काढून लूम बघणाऱ्या मास्तरच्या हातात द्या आणि विचारा, हे आपल्या लूमवर निघतंय का. उत्तर हो आलं तरच पुढं चला.

मग नोंदणी. यूएनच्या बहुतेक संस्थांसाठी एकच पोर्टल आहे, युनायटेड नेशन्स ग्लोबल मार्केटप्लेस, सगळे यूएनजीएम म्हणतात. नोंदणी फुकट आहे. फुकट म्हणजे पूर्ण फुकट, त्यात टेंडरची माहिती आपोआप मेलवर पाहिजे असेल तर त्या सेवेला पैसे पडतात, पण ती घेतलीच पाहिजे असं नाही, रोज सकाळी पोर्टल उघडून बघितलं तरी तीच टेंडरं दिसतात. नोंदणीला पायऱ्या आहेत, आधी बेसिक, मग लेव्हल वन आणि लेव्हल टू. जितकी मोठी ऑर्डर तितकी वरची पायरी लागते, आणि वर जाल तसं ऑडिट झालेले ताळेबंद, जुन्या ग्राहकांची पत्रं असं मागतात. सुरुवात बेसिकवर करा, पण जुन्या ग्राहकांची पत्रं आत्तापासून जमवायला लागा. दुबईच्या किंवा जर्मनीच्या ज्या पार्टीला तुम्ही चार वर्षं माल देताय तिच्याकडून लेटरहेडवर दोन ओळी घेऊन ठेवायला काही पैसे पडत नाहीत, टेंडर आल्यावर मागायला गेलात की ती पार्टी नेमकी सुट्टीवर असते.

नोंदणी करताना मालाचा कोड निवडायचा असतो, यूएनएसपीएससी म्हणतात त्याला, आठ आकडी असतो. लोक इथं घाई करतात, "टेक्स्टाईल" असा मोठा गट टाकून मोकळे होतात. तसं करू नका, खालपर्यंत जाऊन बाथ टॉवेल, बेडशीट असे नेमके कोड टाका, कारण खरेदी अधिकारी शोधतो तो कोडवरच. आणि जे बनवत नाही त्याचे कोड टाकू नका.

अजून एक, दिसायला बारीक आहे पण फार जीव घेतं. फर्मचं नाव. जीएसटीवर "टेक्स्टाईल्स", उद्यमवर "टेक्स्टाईल", बँकेत "टेक्स्टाईल मिल", आयईसीवर, म्हणजे आयात-निर्यातीच्या कोडवर, मधलं इनिशियलच नाही. आपल्याकडं हे चालून जातं, बँकेचा साहेब ओळखीचा असतो. तिथं बसलेल्या माणसाला ही चार वेगळी माणसं दिसतात. नोंदणीच्या आधी सगळे कागद टेबलावर एका ओळीत ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा, जिथं फरक आहे तिथं दुरुस्ती टाका, मगच पोर्टल उघडा. तुमचं नाव सुरक्षा परिषदेच्या निर्बंध यादीत किंवा वर्ल्ड बँकेच्या बाद कंपन्यांच्या यादीत आहे का हेही तपासलं जातं, त्यात आपल्याला घाबरायचं कारण नाही पण नाव धड नसलं की तपासणी अडकते.

आता सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखानदारांसाठी खास लिहितोय, हे नीट वाचा. आपल्याकडं एका कुटुंबात चार फर्म असतात, एक अण्णांच्या नावावर, एक धाकट्या भावाच्या, एक वहिनीच्या, आणि लूम सगळ्यांत वाटलेले. त्याची कारणं घरोघरी वेगळी आहेत, मी त्यात जात नाही. पण संस्थेला प्रत्येक फर्म स्वतंत्र दिसते. टेंडरमध्ये ठराविक टर्नओव्हर मागितला आणि तुमचा धंदा चार ठिकाणी वाटला गेला असेल तर चौघंही नापास, जरी शेडमध्ये मिळून शंभर लूम चालत असले तरी. यावर उपाय आहे, जॉइंट व्हेंचर करून एकत्र भरता येतं जिथं टेंडर परवानगी देतं तिथं, त्यात एक मुख्य भागीदार आणि लेखी करार लागतो. जे अजिबात करायचं नाही ते म्हणजे चान्स वाढावा म्हणून दोन घरच्या फर्मनी एकाच टेंडरला वेगवेगळे भाव टाकणं. पत्ता एक, मालकी एक, हे त्यांना दिसतं, आणि दोन्ही बाद होतात. महिला उद्योजकांनाही तेच सांगेन, यूएन महिला मालकीच्या कंपन्यांना पुढं आणायचा प्रयत्न करतं ही चांगली गोष्ट आहे, ताई खरंच धंदा बघत असतील तर बिनधास्त तसं नोंदवा, पण सहीपुरतं नाव असेल तर नको, कारण मालकीसोबत कारभार कुणाच्या हातात आहे हेही बघतात.

निवड कशी होते तर खरेदीचे मुख्य तीन प्रकार आहेत. छोट्या खरेदीला आरएफक्यू, म्हणजे सरळ कोटेशन. ठरलेल्या मापाच्या मालाला आयटीबी, म्हणजे सीलबंद बोली. आणि जिथं काम कसं करणार हेही बघायचं असतं तिथं आरएफपी, म्हणजे प्रस्ताव. टॉवेल, बेडशीट हे बहुतेक पहिल्या दोनात येतं. आयटीबीत हिशोब साधा असतो, सगळ्या अटींत जे बसले त्यांच्यात ज्याचा भाव सगळ्यात कमी त्याला काम. लक्षात घ्या, अटींत बसले त्यांच्यात. ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम, मागितलं असताना तुम्ही ५५० चा भारी टॉवेल जास्त भावात दाखवला तर त्याचे जादा मार्क कुणी देत नाही, फक्त तुम्ही महाग ठरता.

आरएफपी वेगळं आहे. तिथं तांत्रिक आणि भावाची अशी दोन पाकिटं असतात आणि दोन्हीला वजन दिलेलं असतं, समजा ७० आणि ३०. एक मनातला हिशोब करून बघू. एका फर्मला तांत्रिकमध्ये १०० पैकी ९० मिळाले आणि तिचा भाव १ लाख २० हजार डॉलर, दुसरीला ७५ आणि भाव १ लाख डॉलर. पहिलीचे तांत्रिक ६३ होतात, भावाचे २५, एकूण ८८. दुसरीचे साडेबावन्न आणि भावाचे पूर्ण ३०, एकूण साडेब्याऐंशी. महाग असून पहिली जिंकली. आणि हो, तांत्रिक पाकिटात चुकूनसुद्धा भाव लिहायचा नाही, कुठल्या तक्त्याच्या कोपऱ्यात राहिला तरी बाद.

आता जीएसएमवर थोडं थांबतो कारण सोलापूरचा माल मापात असूनही इथं अडकतो. आपण काय करतो, जीएसएम कटरनं गोल तुकडा कापतो, तो १०० चौरस सेंटिमीटरचा असतो, काट्यावर साडेचार ग्रॅम आलं की ४५० जीएसएम धरतो आणि खूश. पण कापूस हवेतलं पाणी ओढतो. पावसाळ्यात ऑगस्टमध्ये कापलेला तुकडा जड भरतो, आणि एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात तोच हलका भरतो. लॅबमध्ये मात्र तुकडा आधी २० डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रतेत ठेवून मग वजन करतात. म्हणजे पावसाळ्यात तुमच्या काट्यावर बरोब्बर काठावर ४५० आलेला माल लॅबमध्ये खाली येऊ शकतो, आणि टेंडरमध्ये जेवढा फरक चालतो त्याच्या बाहेर गेला की अख्खा लॉट परत. मशीन सुरू करायच्या आधीच मान्यताप्राप्त लॅबमध्ये सँपल पाठवा, धुतल्यानंतरचं आकसणं आणि रंगाचा पक्केपणा पण तिथंच काढून घ्या, रिपोर्ट फाईलला लागतोच. आणि टेंडरमध्ये कुठली टेस्ट मेथड लिहिलीय तीच लॅबला सांगा, "नेहमीची टेस्ट करा" असं म्हणू नका.

भाव काढताना इनकोटर्म बघा, म्हणजे माल कुठपर्यंत पोचवायची जबाबदारी आणि खर्च कुणाचा ही अट. एफसीए असेल तर ठरलेल्या जागी त्यांच्या वाहतूकदाराच्या हातात माल द्यायचा, तिथून पुढचं भाडं त्यांचं. डीएपी असेल तर पार त्या देशातल्या ठिकाणापर्यंत तुमची जबाबदारी, जहाजाचं भाडं वाढलं तर ते तुमच्या खिशातून. तुलना करताना संस्था माल तिकडं पोचेपर्यंतचा एकूण खर्च बघते, म्हणून नुसता लूमवरचा भाव कमी करून भागत नाही, कंटेनरमध्ये गाठी किती बसतात यानं सुद्धा फरक पडतो.

पैशाचं गणित आधीच करा. यूएनमध्ये ॲडव्हान्स शक्यतो मिळत नाही. माल आणि कागद पोचल्यावर साधारण ३० दिवसांत पेमेंट होतं, आणि ते होतं, व्यापाऱ्यासारखं "पुढच्या बाजाराला बघू" असं नसतं. पण सूत तुम्ही आज रोखीत घेणार, विणाई, प्रोसेसिंग, पॅकिंग, न्हावाशेवाला माल लागणार, जहाज जाणार, तोपर्यंत पैसा अडकलेला. उशीर झाला तर दंड कापतात, तो करारात आधीच लिहिलेला असतो. बँकेशी पॅकिंग क्रेडिटचं, म्हणजे माल पाठवायच्या आधी मिळणाऱ्या कर्जाचं, बोलणं बिड टाकायच्या आधी करून ठेवा, ऑर्डर हातात आल्यावर नाही.

आता कामगार आणि सुरक्षा, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. यूएनचा सप्लायर कोड ऑफ कंडक्ट आहे, फर्निचरवाल्या आयकिआचा आयवे नावाचा कोड २००० सालापासून आहे, युरोपातले बाकीचे मोठे खरेदीदार सेडेक्स किंवा एसए ८००० चं, म्हणजे कामगारांना कसं वागवता याचं, ऑडिट मागतात. नावं वेगळी, मागणं तेच: बालमजूर नको, किमान वेतन, हजेरीचं रजिस्टर खरं, पीएफ-ईएसआय भरलेलं, आणि आग लागली तर माणूस बाहेर पडू शकला पाहिजे. एप्रिल २०१३ मध्ये ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळून अकराशेहून जास्त कामगार गेले, त्यानंतर कपड्यांच्या मोठ्या ब्रँडना या प्रश्नाकडं पाठ फिरवता येईना. आपल्याला तेवढं लांब जायची गरज नाही. मे २०२५ मध्ये आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जीव गेले. ऑडिटर येतो तेव्हा तो दरवाजासमोर रचलेल्या गाठी बघतो, कुलूपबंद मागचं दार बघतो, शेडच्या वर किंवा आत कोण राहतं का ते विचारतो. लोक म्हणतात ऑडिटरच्या दिवशी गाठी हलवू. अहो रोज हलवा. ऑर्डर नाही मिळाली तरी हलवा. पीएफचा विषय आपल्याकडं किती नाजूक आहे मला माहितीय, पण दोन रजिस्टरं ठेवून हे ऑडिट निघत नाही, ते कामगाराला बाजूला घेऊन एकट्याशी बोलतात.

"सेटिंग"बद्दल पण बोलून टाकतो. या संस्थांमध्ये भ्रष्टाचार कधी झालाच नाही असं मी म्हणत नाही. यूएनच्याच ऑइल फॉर फूड कार्यक्रमात, म्हणजे इराकनं तेल विकून त्या पैशात अन्न-औषध घ्यायच्या योजनेत, पॉल वोल्कर यांच्या चौकशी समितीनं २००५ मध्ये दाखवून दिलं की २ हजारांहून जास्त कंपन्यांनी सद्दामच्या सरकारला चोरून पैसे दिले. त्या काळानंतर यूएनच्या खरेदीचे नियम बरेच घट्ट झाले. आज अधिकाऱ्याला भेटवस्तू चालतच नाही. दिवाळीची मिठाई, टॉवेलचा गिफ्ट बॉक्स, शेंगा चटणीचं पाकीटसुद्धा नको. आपल्या मनात आदरातिथ्य असतं पण तिकडं ते तुमच्या विरोधात नोंदलं जातं. आणि २०१० पासून वर्ल्ड बँक, एडीबी (आशियाई विकास बँक) आणि आणखी तीन विकास बँकांचा आपसात करार आहे, एकीनं गैरप्रकारासाठी वर्षाहून जास्त काळ बाद केलं की बाकीच्याही करतात. म्हणजे खोटा लॅब रिपोर्ट एका ठिकाणी लावला तरी दारं पाच ठिकाणी बंद होऊ शकतात.

बिड भरताना शंका आली तर ठरलेल्या तारखेच्या आत लेखी विचारा. उत्तर सगळ्या बिडरना जातं, कुणी तुम्हाला अडाणी समजत नाही, उलट ज्या गोष्टीवर सगळे अडले असतात ती सुटते. अधिकाऱ्याला फोन करून "साहेब आमचं बघा" असं मात्र करू नका. बिड बंद व्हायची वेळ तिकडची असते का ते बघा, कोपनहेगनचे दुपारचे २ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. पोर्टल वेळेला बंद होतं, एक मिनिटसुद्धा वर मिळत नाही, आणि आपल्याकडं नेमकी तेव्हा लाईट जाते, त्यामुळं आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरून मोकळे व्हा. शेवटी सही राहिली का, प्रत्येक फॉर्म त्यांच्याच नमुन्यात आहे का, बिडची मुदत ते सांगतात तितके दिवस दिलीय का, हे दुसऱ्या माणसाला तपासायला द्या. ज्यानं भरलं त्याला स्वतःचं राहिलेलं दिसत नाही.

एक सावधगिरी. यूएनच्या नावानं मेल येतात, तुमची निवड झालीय, रजिस्ट्रेशन फी अमुक डॉलर भरा. यूएन खरेदीच्या कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाही. असा मेल आला की तो टेंडर नंबर यूएनजीएमवर शोधा, नसेल तर सोडून द्या. गावात फिरणारे "रजिस्ट्रेशन करून देतो, ऑर्डरची गॅरंटी" म्हणणारे एजंटही तसेच. फॉर्म भरायची मजुरी कुणी घेतली तर ठीक आहे, गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. त्यापेक्षा मुंबईत टेक्सप्रोसिल आणि पीडेक्सिल या कापडाच्या दोन एक्स्पोर्ट कौन्सिल आहेत, त्यांची मेंबरशिप घ्या, तिथं विचारायला माणूस असतो.

पहिली बिड लागली नाही तर फाईल बंद करून ठेवू नका. यूएनजीएमवर काम कुणाला दिलं याच्या नोटिसा लागतात, बऱ्याचदा रक्कमही असते, ती बघून तुमचा भाव कुठं होता ते कळतं. मोठ्या टेंडरला तुम्ही लेखी मागणी केलीत तर तुमच्या बिडमध्ये काय कमी पडलं हे ते सांगतात, डीब्रीफ म्हणतात, त्याला थोड्या दिवसांची मुदत असते म्हणून निकालाचा मेल आला की त्याच आठवड्यात मागा. त्यात दुसऱ्याची बिड दाखवत नाहीत, फक्त तुमची. आलेलं उत्तर मास्तर, अकाउंटंट आणि घरातला जो कॉम्प्युटरवर बसतो त्याला एकत्र बसवून वाचा, कारण कमी पडलेलं कधी जीएसएममध्ये असतं, कधी ताळेबंदात आणि कधी नुसत्या एका न जोडलेल्या कागदात.